किल्लीवाला ३२व्या पानावर अडकलाय

पत्र:

‘मी कथा लिहिते. गेल्या दहा वर्षांत पंधराएक कथा छापून आल्या. त्यातल्या एका कथेवर पूर्ण लांबीचा सिनेमा होईल असं मला मनापासून वाटतं, आणि तो मीच लिहावा असंही वाटतं. कथा अशी: किल्ल्या बनवणारा एक माणूस. एका रात्री एक अनोळखी गृहस्थ त्याला बोलावून नेतो. किल्ली हरवली, दार उघडून दे म्हणतो. हा दार उघडून देतो, पैसे घेतो, घरी जाऊन झोपतो. दुसऱ्या दिवशी त्या दारापुढे गर्दी दिसते आणि कळतं की ते घर त्या गृहस्थाचं नव्हतंच. आत एक म्हातारी एकटी झोपलेली होती. ती सुखरूप आहे, घरातून काहीच गेलेलं नाही. पुढची सगळी कथा किल्लीवाल्याच्या मनातल्या अपराधीपणाची आहे.

पटकथा तीनदा सुरू केली, तिन्ही वेळा तीस-बत्तीस पानांवर थांबले. पटकथेवरची दोन पुस्तकं वाचली, एक ऑनलाइन कोर्स अर्धा केला. तीन अंक, प्लॉट पॉइंट, नायकाचा प्रवास, सगळं पाठ आहे. तरी जमत नाही. अगदी पायापासून शिकायचं तर कुठून सुरू करू? सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? आणि पटकथा कुणाला दाखवली तर चोरीला जाईल का?’

– एक कथालेखिका

प्रिय कथालेखिका,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. ‘घरातून काहीच गेलेलं नाही.’ मध्यरात्री परक्याचं दार उघडून घेणारा माणूस आत शिरतो आणि रिकाम्या हाताने निघून जातो. मग तो आला होता कशाला? या एका प्रश्नासाठी प्रेक्षक दोन तास बसून राहील. तुम्ही मात्र ते वाक्य जाता जाता लिहून टाकलंत आणि लगेच किल्लीवाल्याच्या मनात शिरलात. तुमचं ३२व्या पानाचं दुखणं मला तिथंच दिसतं.

पुस्तकं आणखी वाचू नका. अर्धा राहिलेला कोर्स सध्या अर्धाच राहू द्या. तुम्हाला नियम कमी पडलेले नाहीत. अडचण अशी आहे की तुम्ही कथाकार आहात, आणि कथाकाराला एक मोठी सवलत असते. पात्राच्या मनात त्याला वाटेल तेव्हा जाता येतं. ‘त्या रात्री त्याला आपल्याच हातांची शिसारी आली,’ असं तुम्ही लिहिलंत की ती शिसारी वाचकापर्यंत पोचते, काम झालं. हेच वाक्य पटकथेत लिहा आणि सेटवर काय होतं ते बघा. नट विचारणार, ‘म्हणजे मी करू काय?’ दिग्दर्शक विचारणार, ‘दाखवू काय?’ कॅमेऱ्याला दिसतात ते फक्त दोन हात.

जे दिसतं आणि जे ऐकू येतं तेवढंच पटकथेत लिहायचं, हा नियम तुम्ही दोन्ही पुस्तकांत वाचला असणार. तो सगळेच सांगतात, त्यामुळे त्याची धार बोथट झाली आहे. कथाकाराला तो पाळणं म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या हाताने लिहायला लावण्यासारखं आहे. सवय व्हायला वेळ लागतो, आणि सवय फक्त लिहून होते. म्हणून सिद्धांत सांगण्याऐवजी तुमचाच किल्लीवाला घेतो.

अपराधीपणा दाखवायचाय. नवशिका काय लिहितो? किल्लीवाला खिडकीत उभा आहे. बाहेर पाऊस. त्याचे डोळे भरून येतात. हे दिसतं खरं, पण यात घडत काहीच नाही. आता असं बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे एक नेहमीचं गिऱ्हाईक येतं. ‘चल रे, दार लागून गेलंय.’ किल्लीवाला विचारतो, घर तुमचंच कशावरून? गिऱ्हाईक आधी हसतं. तो परत विचारतो. कागद दाखवा, शेजाऱ्याला बोलवा. गिऱ्हाईक चिडतं, दोन शब्द सुनावतं आणि दुसऱ्या किल्लीवाल्याकडे निघून जातं. आदल्या दिवसापर्यंत या माणसाने हा प्रश्न कधीही कुणाला विचारलेला नाही, हे तुम्ही पहिल्या पाच पानांत दाखवून ठेवलं असेल, तर त्याच्या डोळ्यांत पाणी आणायची गरजच नाही. त्याचा धंदाच रडायला लागला.

किंवा तो त्या म्हातारीच्या घरी जातो. नवं कुलूप फुकट बसवून देतो म्हणतो. काहीतरी थाप मारतो. हा सीन मी तुमच्यासाठी लिहून बघितला. तुमची पात्रं उसनी घेतली, राग मानू नका. फॉरमॅट कसा असतो तेही त्यात दिसेल (‘इंट.’ म्हणजे आतलं दृश्य):

इंट. म्हातारीचं घर – दिवस

उघड्या दाराशी गुडघे टेकून किल्लीवाला (४५) जुनं कुलूप काढतोय. स्क्रू हातातून निसटतो. तो उचलतो. पुन्हा निसटतो.
म्हातारी (७५) खुर्चीत बसून त्याचे हात बघतेय.

म्हातारी
रोज किती कुलपं बसवता?

किल्लीवाला
बसवत नाही फारशी. उघडतो जास्त.

तो बोलून जातो आणि थबकतो. म्हातारी हसते. तो मान खाली घालून स्क्रू पिळत राहतो.
नवं कुलूप बसतं. पाकिटातून तो दोन किल्ल्या काढतो. एक तिच्या हातावर ठेवतो.

म्हातारी
एकच?

किल्लीवाला दुसरी किल्ली मुठीत धरतो.

किल्लीवाला
एकच येते.

बस, एवढंच. हे साधारण एक पान. यात ‘अपराधी’ हा शब्द नाही, क्षमा नाही, अश्रू नाहीत. पण प्रेक्षकाच्या डोक्यात किमान तीन प्रश्न उभे राहिले: दुसरी किल्ली त्याने का ठेवली? तिचं रक्षण करायला, की आणखी कशाला? आणि ती त्याच्या खिशात कुणाला सापडली तर? तुमच्या कथेत मनातली जी दहा पानं असतील, ती इथे एका मुठीत आली.

हे प्रेक्षकाला कळेल का, अशी शंका तुम्हाला येईल. कथाकाराला ती हमखास येते, म्हणूनच तो समजावून सांगत बसतो. १९२०च्या आसपास लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने केलेला एक प्रयोग सिनेमाच्या वर्गांत अजून शिकवला जातो. एका नटाचा तोच तो निर्विकार चेहरा त्याने वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. एकदा सूपचा वाडगा, एकदा शवपेटी. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख, असं सांगितलं जातं. नटाने काहीच केलं नव्हतं, भाव बघणाऱ्यांनीच भरले होते. आपल्या कामापुरता यातून निघणारा अर्थ असा की मूठ दाखवली आणि मग चेहरा दाखवला की मधली भावना प्रेक्षक स्वतः तयार करतो. तुम्ही ती तयार करून दिलीत तर त्याला करायला काही उरत नाही आणि तो कंटाळतो. कुठल्या गोष्टीनंतर कुठली गोष्ट ठेवायची, हे पटकथाकाराच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार आहे. वर्णन नाही.

आता ३२वं पान. तीनदा त्याच जागी अडकणं हा योगायोग नाही. पूर्ण लांबीच्या सिनेमाची पटकथा साधारण ९० ते १२० पानांची असते आणि तिचा पहिला पाव भाग मांडणीत जातो. माणूस कोण, त्याचं जग कसं, आणि त्या जगाला तडा कसा जातो. तुमच्या कथेत तडा जाण्यापर्यंतची सामग्री भरपूर आहे: रात्र, दार, सकाळची गर्दी. ती संपली की उरतो खजील होऊन बसलेला माणूस, आणि बसलेला माणूस ऐंशी पानं ओढू शकत नाही. अपराधीपणा ही अवस्था आहे. पटकथेला लागते इच्छा. त्याला काय हवंय, ते मिळवायला तो उठून कुठे जातो, कोण आडवं येतं, आणि नाही मिळालं तर तो काय गमावतो?

तुमच्या किल्लीवाल्याला हवं असण्यासारख्या निदान तीन गोष्टी मला दिसतात. त्याला म्हातारीला खरं सांगून मोकळं व्हायचंय, पण दर भेटीत ती त्याच्यावर अधिक विसंबते आणि सांगणं अधिक अवघड होतं. किंवा त्याला त्या गृहस्थाला शोधायचंय, पोलीस आपल्यापर्यंत पोचण्याच्या आत. किंवा त्याला खात्री आहे की तो माणूस परत येणार, आणि याला ते दार राखायचंय. तीन इच्छा म्हणजे तीन वेगळे सिनेमे. पहिला दोन माणसांचा, संथ, आतून जळणारा. दुसरा पाठलागाचा. तिसरा धाकधुकीचा. निवडायचं तुम्ही. माझा कल विचाराल तर तिसरा मुख्य आणि पहिला त्याच्या पोटात, पण तुमच्या हाताला कुठला येतो ते मला कसं कळणार?

तिसरा निवडलात तर एक गोष्ट आत्ताच करा. पहिल्याच रात्री, दार उघडून झाल्यावर, त्या गृहस्थाला म्हणू द्या, ‘आलाच आहेस तर एक जादा किल्लीही बनवून दे.’ रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. दोन माणसं गप्पा मारत बसलीत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं आणि माणसं मात्र निवांत बोलत राहिली, तर त्याच गप्पा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. परक्याच्या खिशातली जादा किल्ली हा तुमचा बॉम्ब. त्यानंतर म्हातारी नुसती दिवा मालवून झोपायला गेली तरी प्रेक्षक अस्वस्थ होईल. मग नवं कुलूप का बसवायचं, याचं कारणही वेगळं सांगावं लागणार नाही.

अंकांबद्दल थोडं बोलतो, कारण तुम्हाला ते पाठ आहेत आणि ते आता डोक्यातून काढायचेत. आदि, मध्य आणि अंत ही गोष्ट ॲरिस्टॉटलने नाटकाबद्दल सांगून दोन हजारांहून जास्त वर्षं झाली. तेव्हापासून लोक तिला नवनवी नावं देतायत. पाव, अर्धा, पाव हे माप चुकीचं नाही. पण माझ्या अनुभवात ते लिहिताना कमी आणि दुरुस्त करताना जास्त उपयोगी पडतं. लिहायला बसल्यावर मधला अर्धा भाग, म्हणजे पन्नास-पंचावन्न पानं, समोर वाळवंटासारखा पसरतो आणि तिथे बहुतेक पहिल्या पटकथा मरतात.

त्यावर जुना उपाय आहे. सिनेमा फिल्मवर होता तेव्हा ३५ मिलिमीटरचं १००० फुटांचं एक रीळ, सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने, साधारण अकरा मिनिटं चालायचं. रिळाएवढ्या तुकड्यांत गोष्ट बांधायची सवय त्या काळापासूनची. पुढे फ्रँक डॅनियल या शिक्षकाने अमेरिकेतल्या सिनेमाच्या शाळांमध्ये आठ सीक्वेन्सची पद्धत शिकवली: सिनेमा म्हणजे बारा-पंधरा पानांचे आठ तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःची छोटी सुरुवात, छोटी अडचण, छोटा शेवट. रीळ गेलं, पद्धत राहिली. मी तुम्हाला ती मुद्दाम सांगतोय, कारण बारा-पंधरा पानांची गोष्ट लिहिता येणं हीच तर तुमची विद्या आहे. पंधरा कथा छापून आल्यात ना तुमच्या? मग एकाच माणसाच्या आठ कथा लिहा. फरक एवढाच की प्रत्येक कथेच्या शेवटाने प्रश्न मिटता कामा नये, त्याने पुढच्या कथेला धक्का द्यायला हवा. पहिल्या तुकड्याचा शेवट: ते घर त्या गृहस्थाचं नव्हतं. दुसऱ्याचा: दुसरी किल्ली मुठीत राहिली. तिसऱ्याचा तुम्ही शोधा.

आठ तुकडे ठरले की कार्डं करा. कागदाचे तुकडेही चालतील. एका कार्डावर एक सीन, एका ओळीत, आणि त्या ओळीत क्रियापद हवंच. ‘किल्लीवाला दुःखी’ हे कार्ड फाडून टाका. ‘किल्लीवाला गिऱ्हाइकाला परत पाठवतो’ हे कार्ड. सीन सरासरी दोन पानांचा धरला तर पन्नास-साठ कार्डं होतात. ती जमिनीवर पसरा आणि दोन कार्डांच्या मध्ये कुठला शब्द बसतो ते मोठ्याने म्हणून बघा. ‘आणि मग’ बसत असेल तर साखळी तिथे तुटलेली आहे. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसला पाहिजे. तो गिऱ्हाइकं परत पाठवतो, म्हणून त्याचं उत्पन्न आटतं. तो म्हातारीला खरं सांगायला जातो, पण तिथे पोलीस बसलेला असतो. ही युक्ती माझी नाही, पटकथा लिहिणाऱ्यांत ती फिरत असते. पण मला याहून स्वस्त आणि खात्रीची तपासणी माहीत नाही. कार्डं जुळेपर्यंत पटकथा लिहायला बसू नका. तुमचे तिन्ही प्रयत्न, मला शंका आहे, कार्डांशिवाय थेट पहिल्या पानावर सुरू झाले असणार.

फॉरमॅटची धास्ती सोडा, तो एका संध्याकाळचा अभ्यास आहे. वर सीनचं शीर्षक: आत की बाहेर, जागा, दिवस की रात्र. खाली कृती, वर्तमानकाळात, तोकड्या परिच्छेदांत. मध्यभागी पात्राचं नाव आणि त्याखाली संवाद. पात्र पहिल्यांदा येतं तेव्हा वय आणि एखादी खूण. कॅमेऱ्याच्या सूचना द्यायच्या नाहीत. माझी पहिली पटकथा १७८ पानांची होती आणि तिच्यात दर चार ओळींनी क्लोजअप, पॅन, ट्रॅक असं काहीतरी होतं. ज्या दिग्दर्शकाला दिली त्यांनी वीस पानं वाचून परत केली आणि म्हणाले, ‘माझं काम तू केलंयस. आता तुझं कुणी करायचं?’ क्लोजअप हवा असेल तर ‘स्क्रू बोटांतून निसटतो’ असं लिहा. एवढी बारीक गोष्ट दुरून दिसत नाही हे दिग्दर्शकाला कळतं.

‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब मात्र मराठीत लिहिताना जपून वापरा. तो रोमन लिपीतल्या कुरिअर टाइपावर बेतलेला आहे. हॉवर्ड केटलर यांनी १९५५च्या सुमारास आयबीएमच्या टाइपरायटरसाठी हा टाइप घडवला. त्यात प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी, १२ पॉइंट या आकारात इंचाला १० अक्षरं आणि ६ ओळी, म्हणून पानावरचा मजकूर ठरावीक राहतो आणि पानांवरून मिनिटं मोजता येतात. देवनागरीत काना-मात्रा, जोडाक्षरं आणि फाँटप्रमाणे बदलणारी उंची, यामुळे तो हिशेब सरकतो. स्वतःच्या फाँटचं माप स्वतःच काढा. दहा पानं घड्याळ लावून अभिनयासकट मोठ्याने वाचा, कृतींनाही त्यांचा वेळ द्या, आणि किती मिनिटं झाली ते बघा.

मोठ्याने वाचण्याचा आणखी एक फायदा संवादांना होतो. आपल्याकडे श्रेयनामावलीत कथा, पटकथा, संवाद अशी तीन नावं वेगळी येतात. त्यामुळे नवख्यांचा समज होतो की संवाद हा शेवटी चढवायचा साज आहे. कथा लिहिणाऱ्यांचा दोष उलटा, त्यांचे संवाद फार नीटनेटके असतात. तुमचा किल्लीवाला ‘आजी, मी तुमचा अपराधी आहे’ असं म्हणाला की सिनेमा तिथेच संपला, कारण यापुढे कळायचं काही राहिलं नाही. त्याऐवजी त्याला सांगू द्या, ‘रात्री आतून कडी पण लावत जा.’ ती म्हणेल, ‘माझ्याकडे कोण येणार?’ दोघं कुलपाबद्दलच बोलतायत, आणि तरी नुसतं कुलपाबद्दल नाही. माणसं सहसा हव्या असलेल्या गोष्टीच्या शेजारचं काहीतरी बोलतात. ते शेजारचं काय, हे प्रत्येक सीनमध्ये शोधा. आणि सीनमध्ये उशिरा शिरा, लवकर बाहेर पडा. ‘नमस्कार, या, बसा’ कापलं तर कुणालाही चुकल्यासारखं वाटत नाही.

शिकायचं कुठून, या प्रश्नाचं माझं उत्तर थोडं कष्टाचं आहे. तुम्ही तीनदा पाहिलेला आणि तरी आवडणारा एक सिनेमा घ्या. प्रत्येक सीन संपला की थांबवा आणि वहीत एक ओळ लिहा: कोणाला काय हवं होतं, सीनच्या शेवटी काय बदललं. दोन तासांच्या सिनेमाला दोन-तीन दिवस लागतील. सगळं झाल्यावर त्या ओळी पुन्हा आठ तुकड्यांत विभागून बघा. तुकडे पडतात का, कुठे पडतात, कुठे पडत नाहीत आणि तरी सिनेमा चालतो. हे दोन सिनेमांवर केलंत की त्या कोर्सचा उरलेला अर्धा भाग पाहायची गरज बहुधा वाटणार नाही. त्यानंतर त्या सिनेमाची पटकथा मिळाली तर वाचा, पण सावधपणे. नेटवर मिळणारं बरंच काही कुणीतरी सिनेमा बघून उतरवलेले संवाद असतात, ती पटकथा नव्हे. दुसरं, चित्रीकरणाची प्रत हाती आली तर तिच्यात सीनचे क्रमांक आणि कॅमेऱ्याच्या सूचना दिसतील. त्या पुढच्या टप्प्यावर चढलेल्या असतात, लेखकाने त्यांची नक्कल करायची नसते.

सॉफ्टवेअरबद्दल दोन वाक्यं पुरेत. फायनल ड्राफ्ट व्यवसायात सर्रास वापरलं जातं, पण विकत घेण्याआधी त्याच्या चाचणी आवृत्तीत तुमची देवनागरी नीट दिसते आणि छापली जाते का ते बघा. साध्या मजकुरातून पटकथेचं रूप तयार करणारी फाउंटन नावाची मोफत पद्धत आहे, आणि पहिल्या ड्राफ्टपुरतं तर कुठलंही लिहायचं साधन चालतं.

चोरीची भीती सगळ्यांनाच असते, मलाही होती. कायदा सहसा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, शब्दांत मांडलेल्या रूपाला देतो. ‘परक्याचं दार उघडून देणारा किल्लीवाला’ ही कल्पना उद्या आणखी कुणालाही सुचू शकते आणि त्याविरुद्ध फारसं काही करता येत नाही. तुमचे आठ सीक्वेन्स, तुमचे सीन, तुमचे संवाद ही मात्र तुमची मालमत्ता आहे. म्हणून पाच ओळींची गोष्ट दहा जणांना तोंडी ऐकवत फिरू नका. आधी पूर्ण लिहा, लेखकांच्या संघटनेकडे किंवा कॉपीराइट कार्यालयात नोंदवा, कुणाला कुठली प्रत कधी पाठवली याची मेल जपून ठेवा. आणि मग दाखवा. न दाखवलेल्या पटकथेतल्या चुका लेखकाला दिसत नाहीत, हे मी स्वतःच्या १७८ पानांवरून सांगतोय.

पहिला ड्राफ्ट लिहिताना एक पथ्य पाळा. मागे जायचं नाही. ४०व्या पानावर सुचलं की म्हातारीला एक मुलगा हवा, तर पहिल्या पानापासून तो घालत बसू नका. वेगळ्या वहीत ‘मुलगा आहे, सीन ४पासून’ अशी नोंद करा आणि ४१व्या पानावर तो पहिल्यापासूनच होता असं धरून पुढे चला. रोज दोन पानं लिहिलीत तर ११० पानांना पंचावन्न दिवस लागतात. ती पानं वाईट असतील, त्यातली निम्मी जातील. तुमच्या तीन अपुऱ्या प्रयत्नांतली पहिली दहा पानं मात्र अतिशय देखणी असणार, पैज लावतो. तीस-तीस वेळा घासून झाली असतील.

एक प्रश्न राहिला, आणि तो तुम्ही मला विचारलेला नाही. तो गृहस्थ दार उघडून आत गेला, म्हातारी झोपलेली होती, आणि काहीही न घेता तो बाहेर पडला. मधल्या वेळात त्याने आत काय केलं? नुसता तिच्या पलंगाशी उभा राहिला? काही शोधलं आणि सापडलं नाही? की काहीतरी ठेवून गेला, जे तिला अजून दिसलेलं नाही? तुमच्या पत्रात याचा पत्ता नाही, आणि मला वाटतं तुमच्या कथेतही नाही, कारण कथेत किल्लीवाल्याच्या मनापाशी थांबून भागलं. पडद्यावर हा सीन कदाचित सगळ्यात शेवटी येईल, कदाचित येणारच नाही. कार्ड मात्र सगळ्यात आधी त्याचं लिहा.